नो नीड पैसे

संत्र्यांच्या पेट्या आल्या की मला लाज वाटायला लागते.

वाक्य विचित्र आहे, पण खरं आहे. जानेवारी उलटत येतो, सिंगापुरातल्या आमच्या सेंगकांग स्टेशनबाहेर लाल कंदील लोंबायला लागतात, सुपरमार्केटच्या दारात छोट्या संत्र्यांच्या पेट्या एकावर एक चढतात, आणि त्या सालींचा कडसर गोड वास एसीच्या गार झोताबरोबर अंगावर येतो. चायनीज न्यू इयर जवळ आलं. सगळा ब्लॉक, म्हणजे आमची अख्खी इमारत, घासूनपुसून निघत असतो. कुणी गाद्या उन्हात टाकतं, कुणी जुने पंखे खाली आणून ठेवतं, आणि पाऊस मध्येच येऊन त्या सगळ्यांची धावपळ उडवतो. इथला या दिवसांतला पाऊस मुळात चिडक्या माणसासारखा, सकाळपासून धुसफुसणारा. लोक त्याच्याकडे बघून हसतात. मी मात्र कॉरिडॉरमधून जाताना जरा भराभर चालते.

काल नव्या नोटा घ्यायला बँकेत गेले होते. लाल पाकिटात घालून मुलांना द्यायला कोऱ्या नोटा लागतात, म्हणून या दिवसांत रांग दारापर्यंत येते. माझ्यापुढे एक आजोबा होते. त्यांनी पिशवीतून काचेची बरणी काढली आणि नाणी ट्रेमध्ये ओतली. तो आवाज! ओल्या वाळूवर सर आल्यासारखा सुरू झाला, मग खणखणीत झाला, मग एकटंदुकटं नाणं गरगरत राहिलं. रांगेतल्या कुणीही मान वळवून पाहिलं नाही. मी एकटीच पाहत होते, आणि माझे डोळे नकळत त्या ढिगात काहीतरी शोधत होते. हे लक्षात आलं तशी मी नजर वळवली आणि फोन काढून उगाच बोटं फिरवत उभी राहिले.

ही लाज सुरू झाली त्या वर्षी आम्हाला सिंगापूरला येऊन सहा-सात महिने झाले असतील. माझा नवरा, शिरीष, इथल्या एका बँकेत नोकरीला लागला होता. मी पुण्यात एका कंपनीचे हिशेब सांभाळायचे. हाताखाली माणसं होती, टेबलावर माझ्या नावाची पाटी होती. इथे मी आले ती त्याच्या मागोमाग, डिपेंडंट्स पासवर. तो पास हातात देणारी मुलगी अगदी हसतमुख होती. मी मात्र मनात त्या शब्दाचं मराठी करून बसले. अवलंबून असलेली बाई. नंतर कितीही फॉर्म भरले, कितीही अर्ज केले, तरी ते भाषांतर डोक्यातून गेलं नाही. अर्जांना उत्तरं यायची नाहीत, किंवा आली तर इतकी गोड यायची की नकार कुठल्या ओळीत आहे ते शोधावं लागायचं.

घरात कमी काहीच नव्हतं. शिरीषने त्याच्या खात्याचं एक कार्ड माझ्या हातात दिलं होतं. पण भाजी घेऊन ते कार्ड टेकवलं की क्षणात त्याच्या फोनवर कळायचं, आज बायकोने भेंडी घेतली. तो कधी काही बोलला नाही. बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

अशात एके दिवशी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांत, कॉफी घेतली तेव्हा सुट्ट्या पैशांत एक दहा सेंटचं नाणं आलं. बाकीच्यांपेक्षा मळकं, जरा मोठं. त्यावर समुद्रघोडा होता. शेपटी वळवून, पोट पुढे काढून उभा, एखाद्या जुन्या घरातल्या कर्त्या माणसासारखा. माझी मुलगी ईरा तेव्हा आठ वर्षांची होती. तिने ते दिवसभर मुठीत ठेवलं. मी इंटरनेटवर शोधलं तर कळलं की हे या देशाच्या अगदी पहिल्या नाण्यांपैकी, आता क्वचितच हाती येतं. आणि हेही कळलं की जगभरात माणसं बँकेतून नाण्यांचे बांधलेले रोल आणतात, ते फोडून जुनी, दुर्मीळ, चांदीची नाणी शोधतात, आणि उरलेली बँकेत परत भरतात. त्यात चोरी नाही, लबाडी नाही. फक्त डोळे लागतात, आणि वेळ. वेळ माझ्याकडे रग्गड होता.

मग मी घरखर्चातून नोटा काढून बँकेत जायला लागले. नोटा द्यायच्या आणि प्लास्टिकात आवळून बांधलेले रोल घ्यायचे. भाजीच्या ट्रॉलीत ते ठेवले की ट्रॉली अशी जड व्हायची की फुटपाथच्या कडेवर मला अक्षरशः ओढाताण करावी लागायची. घरी आल्यावर जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं. नखाने प्लास्टिक फाडायचं. नाणी सांडली की तो वास यायचा, ओल्या कुलपाचा, बसच्या दांड्याला धरलेल्या हाताचा. हा वास मला लहानपणापासून ओळखीचा. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, साताऱ्याच्या डेपोत कंडक्टर होते. ड्यूटीवरून आले की त्यांच्या हाताला हाच वास असायचा. साबणाने जायचा नाही. आम्ही भावंडं त्यांच्या हातचा घास नाक मुरडून खायचो, आणि ते हसायचे.

रोलमध्ये काय काय निघायचं! फुलं असलेली जुनी नाणी निघायची. ब्रुनेईची निघायची, कारण त्यांचं चलन इथे चालतं; त्यांच्या सुलतानाचा चेहरा त्या फुलांच्या गर्दीत असा अचानक समोर यायचा की मी दचकायचे. एखादं मलेशियाचं, घुसखोर. आणि कधीतरी समुद्रघोडा, कधी तलवारमासा. या देशाच्या रोजच्या नाण्यांत चांदी कधी नव्हतीच, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण ब्रिटिश काळातलं एखादं चुकार नाणं कुणाच्या तरी बरणीतून निसटून इथवर आलं तर? त्या 'तर'वर मी दुपारच्या दुपारी काढत होते. बरं, रोल देताना आणि नाणी परत घेताना बँक थोडं शुल्क कापायची. म्हणजे हा धंदा तोट्याचा होता. मी अकाउंट्सची बाई. तोटा मला स्वच्छ दिसत होता. तरी मी जायचे.

काउंटरवरच्या मुलीने एकदा सहज विचारलं, "आंटी, यू गॉट शॉप आह?"

"लाँड्री," मी म्हणाले.

का म्हणाले, देव जाणे. छंद आहे म्हणता आलं असतं. पण भर दुपारी, चाळिशीची, धडधाकट, शिकलेली बाई, तिचा छंद काय तर सुटे पैसे निवडणं, हे माझ्याच तोंडून मला ऐकायचं नव्हतं. त्या दिवसापासून मी लाँड्रीवाली झाले. मुलगी गोड होती. प्रत्येक वेळी विचारायची, "बिझनेस गुड?" आणि मी म्हणायचे, "ओके, ओके. रेनी सीझन, सो मोअर क्लोथ्स." खोट्याला असे फाटे फुटतात. एकदा तर तिने दुकानाचा पत्ता विचारला, तिच्या आईची जाड चादर धुवायची होती. मी पुढचे काही दिवस दुसऱ्या शाखेत गेले.

शिरीष आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करायचा. वरती टापटीप शर्ट, खाली बर्म्युडा. मीटिंगमध्ये मध्येच उठून कॉरिडॉरमध्ये फोनवर बोलत फेऱ्या मारायचा. माझ्या नाण्यांचा आवाज त्याच्या मीटिंगमध्ये जायचा. एकदा तो दार उघडून हळूच म्हणाला, "मिनू, प्लीज. समोरच्याला वाटतंय मी कॅसिनोत बसलोय."

तो हसत म्हणाला होता. मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि नाणी घेऊन खाली गेले. आमच्या ब्लॉकच्या तळमजल्यावर, सगळ्याच ब्लॉक्सच्या असते तशी, मोकळी खांबांची जागा आहे. व्हॉइड डेक म्हणतात. तिथे दगडी टेबलं आहेत. मी त्यातलं कोपऱ्यातलं धरलं. बाजूला पाऊस तिरका येऊन फरशी ओली करत असायचा, आणि मी जुन्या कुर्त्यात, चष्मा नाकावर, दहा सेंटची चवड वेगळी, वीसची वेगळी, असं बसलेली असायचे. येणारेजाणारे बघायचे. मला वाटायचं, कुतूहलाने बघतात.

आमच्या शेजारी लिम आंटी राहतात. सत्तरीच्या, बुटक्या, कायम पायात निळ्या सपाता. मुलगा, सून, आणि ईराच्याच वयाची नात शिन यी. दोघी मुली खालच्या घसरगुंडीवर मैत्रिणी झालेल्या. न्यू इयरच्या साफसफाईत एका सकाळी लिम आंटींनी आमचं दार वाजवलं. हातात बिस्किटांचा जुना, निळा, गोल डबा. तो त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. आत नाणी होती, काठोकाठ.

"हाऊस क्लीन, ऑल थ्रो," त्या म्हणाल्या. "यू टेक."

मी गांगरले. एवढे पैसे कसे घ्यायचे? मोजून नोटा देते म्हणून खुणा केल्या. त्यांनी माझ्या मनगटावर थोपटलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "नो नीड पैसे. नो नीड पैसे."

मला इतकी गंमत वाटली! लिम आंटींना 'पैसे' हा शब्द येतो. इतकी वर्षं भारतीयांच्या शेजारी राहून शिकल्या असणार. पैसे नकोत, असं त्या मला माझ्या भाषेत सांगत होत्या. जेवताना मी शिरीषला कौतुकाने सांगितलं. तोही हसला.

त्यानंतर रांगच लागली. आमच्या लोखंडी गेटला पिशव्या अडकलेल्या दिसायला लागल्या. जॅमची बाटली भरून नाणी. पावडरच्या डब्यात नाणी. कॉरिडॉरच्या टोकाला अंकल टॅन राहतात, पिंजऱ्यातला पक्षी घेऊन रोज लिफ्टपाशी उभे असतात. त्यांनी एक मोजा आणून दिला, नाण्यांनी गच्च. तेही म्हणाले, "नो नीड पैसे, हां." मी मनात म्हटलं, अख्खा मजला मराठी शिकला की काय. मी सगळ्यांना वाकून थँक्यू म्हणत होते. आणि मनातून आनंदाने फुटत होते, कारण ही बँकेच्या यंत्रातून गेलेली नाणी नव्हती. वर्षानुवर्षं कपाटाखाली पडलेली, कुणी न चाळलेली नाणी होती.

लिम आंटींच्या डब्याच्या तळाशी मला ते सापडलं. आधी वाटलं कपड्याचं बटण आहे. काळं पडलेलं, लहान, कडा झिजलेली. कुर्त्याच्या टोकाने घासलं तर मुकुट घातलेल्या राजाचं डोकं वर आलं, आणि मागच्या बाजूला ब्रिटिशांच्या वेळचं या भागाचं नाव. मी ते दगडी टेबलावर हलकेच टाकलं. बाकीची नाणी खणकतात. हे वाजलं, देवघरातल्या घंटेच्या लोलकाला चुकून नख लागावं तसं. चांदी! मी उठून उभी राहिले. पाऊस कोसळत होता, आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि मी त्या खांबांमध्ये एक गिरकी घेतली. खरंच घेतली. आता ती गिरकी आठवली की मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं होतं.

दोनच दिवसांनी ईराला मी म्हटलं, शिन यीची कंगवा-क्लिपांची पिशवी आपल्याकडे राहिली आहे, देऊन ये. ती दारात घुटमळली.

"आई, यू गो लाह. आय पैसे."

"पैसे कशाला लागतात? नुसती द्यायची आहे."

तिने डोळे फिरवले. "नॉट दॅट पैसे! हा चायनीज पैसे. मीन्स शाय. लाइक, एव्हरीबडी लुकिंग ॲट यू, अँड यू फील लाज."

मी कणीक मळत होते. हात तसेच थांबले.

"मग कुणी 'नो नीड पैसे' म्हणालं तर?"

"डोंट फील लाज," ईरा म्हणाली. "इट्स ओके, लाजू नको."

"मला का असं म्हणाल्या त्या?"

ईराला प्रश्नच कळला नाही. इतकं उघड होतं तिच्या लेखी. "बिकॉज बाबा गॉट नो जॉब, व्हॉट. शिन यीची आह-मा सेड. शी आस्क मी, बाबा घरी असतो? आय सेड येस. शी आस्क, आई डूइंग व्हॉट डाउनस्टेअर्स? आय सेड, लुकिंग फॉर मनी."

आह-मा म्हणजे आजी. एवढा एक शब्द तेव्हा मला येत होता.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. एकेक चेहरा समोर यायला लागला. दगडी टेबलाजवळून जाताना चाल मंद करणारी ती बाई. मोजा देताना नजर पक्ष्याकडे वळवणारे अंकल टॅन. त्यांनी नजर का वळवली होती, ते आत्ता कळलं. मला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून. आणि मी त्या सगळ्यांसमोर बत्तीशी दाखवत उभी होते.

शिरीषला कसं सांगावं हा विचार करेपर्यंत तोच संध्याकाळी घरी आला. त्या दिवशी ऑफिसला गेला होता. एका हातात लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात तांदळाची पिशवी. चेहरा पांढरा.

"लिफ्टमध्ये आंटींनी हातात दिली," तो म्हणाला. "मी घ्यायला तयार नव्हतो तर म्हणाल्या, यंग मॅन, स्टिल कॅन फाइंड. म्हणजे काय, मिनू? काय कॅन फाइंड?"

मी सांगितलं. तो पिशवी धरूनच ऐकत राहिला.

"म्हणजे अख्खा ब्लॉक आपल्याला दान देतोय."

"मला माहीत नव्हतं रे."

"तुला काय कमी आहे? काही हवं होतं तर मागायचं ना माझ्याकडे!"

"मागायचं," मी म्हणाले. "तेच तर."

"म्हणजे?"

"काही नाही. तूच म्हणालास ना, मागायचं."

 त्याने तांदूळ ओट्यावर ठेवले, जरा जोरातच, आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. ईरा आतून हळूच बघत होती. आमच्या घरात त्या संध्याकाळी तिघांनाही तो नवा शब्द पुरेपूर कळला होता.

पुढे मी या लाजेला पुष्कळ उलटंपालटं करून पाहिलं आहे. लाज कशाची वाटली? चोरी केली नव्हती. कुणाला फसवलं नव्हतं, लाँड्रीची थाप सोडली तर. लाज वाटली ती लोकांनी गरीब समजल्याची. एवढीच. आणि ही लाज कुणाला वाटत होती? जिने शाळेत वडिलांच्या खाकी पँटचं कापड उसवून शिवलेलं दप्तर वापरलं तिला. दादांचा संप चालू होता ते महिने मला आठवतात. पगार बंद. शेजारच्या काकू 'जास्त झाली' म्हणून भाजीचं पातेलं आणून द्यायच्या. जास्त झालेली नसायची, आईला कळायचं, काकूंनाही आईला कळतंय हे कळायचं. आई ते पातेलं घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी घासून परत देताना त्यात मूठभर साखर घालायची. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून. साखर घरात नसायची तेव्हा तुळशीची चार पानं. तिची मान मी कधी खाली गेलेली पाहिली नाही. आणि मी, एसीत बसून नाण्यांशी खेळणारी, शेजारणीने तांदूळ दिले तर कोसळले होते. मधल्या वर्षांत मी कुठल्या तरी पायरीवर चढले होते आणि ती पायरी किती जपत होते, हे त्या तांदळाने मला दाखवलं. याची लाज पहिल्या लाजेहून मोठी आहे. ती अजून उतरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी शंकरपाळे केले. लिम आंटींचा निळा डबा घासला, त्यात शंकरपाळे भरले. त्यांच्या नाण्यांइतक्या नोटा एका पाकिटात घातल्या, आणि ते चांदीचं नाणं कागदात गुंडाळून वेगळं घेतलं. दार वाजवलं.

आत घराचा उलथापालथ झालेला पसारा होता. जमिनीवर वर्तमानपत्रं, मध्ये शिडी, पंख्याची पाती काढून उभी केलेली. भिंतीवर एका प्रौढ माणसाचा फोटो, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. आंटींनी ओले हात पुसले आणि मला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं.

मी सगळं सांगितलं. सावकाश, सोप्या इंग्रजीत. माझा नवरा बँकेत आहे. चांगली नोकरी आहे. कधी घरून काम करतो. मी नाणी शोधते ती आवड म्हणून. आम्हाला काही कमी नाही. तुमचे उपकार आहेत, पण हे परत घ्या.

त्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. "या, या. बँक. गुड, गुड." आणि मला समजलं, की त्यांचा माझ्यावर विश्वास बसलेला नाही. तापात बरळणाऱ्या माणसाला हो हो म्हणावं तसं त्या मला हो म्हणत होत्या.

मग त्यांनी फोटोकडे हनुवटी केली. "माय हजबंड सेम," त्या म्हणाल्या. पुढचं मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्यांचं इंग्रजी आणि माझा कान दोन्ही तोकडे होते. त्यांच्या नवऱ्याची फॅक्टरी बंद पडली तेव्हा मुलगा लहान होता. नवरा रोज हाच पांढरा शर्ट घालून सकाळी बाहेर पडायचा आणि संध्याकाळी परत यायचा. कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, कामावर जातो, चांगली नोकरी आहे, आम्हाला काही कमी नाही.

"दॅट टाइम," त्या म्हणाल्या, "आय थिंक, समबडी कम नॉक माय डोअर, आय डोंट ओपन. आय सो पैसे. एव्हरी डे आय सिट हिअर, आय थिंक, डोंट ओपन, डोंट ओपन."

त्यांनी स्टुलाजवळच्या दाराकडे पाहिलं.

"बट नोबडी नॉक."

बाहेर पाऊस लागला होता. धुऊन ठेवलेल्या पंख्याच्या पात्यावरून पाण्याचे थेंब वर्तमानपत्रावर पडत होते.  मी जे परत करायला आले होते ते परत घेणारं त्या घरात कुणी नव्हतं. या बाईने इतक्या वर्षांनी कुणाचं तरी दार वाजवलं होतं. आता मी तिला काय सांगणार, की चुकीचं वाजवलंत?

शेवटचा प्रयत्न म्हणून मी कागद उलगडून नाणं पुढे केलं. हे जुनं आहे, चांदीचं आहे, तुमच्या डब्यात होतं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. "ओल्ड वन. माय मदर-इन-लॉ टाइम, मेबी." मग मला विचारलं, "यू लाइक?"

मी खोटं बोलू शकले नाही. "लाइक," मी म्हणाले.

त्यांनी नाणं माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं एकेक करून मिटवली. नोटांच्या पाकिटाला तर हातही लावला नाही. शंकरपाळे मात्र ठेवून घेतले. एक तोंडात टाकला, कडकन चावला, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून शिन यीला जोरात हाक मारली.

मी घरी आले. तांदूळ ओट्यावर तसेच होते. ते मी धुतले. थोडा चिकट, सुवासिक भात झाला. त्यावर साधं वरण, तूप. जेवताना शिरीषने आंटींची सगळी गोष्ट माझ्याकडून ऐकून घेतली. मग ताट पुढे करून म्हणाला, "अजून थोडा वाढ." वाढताना त्याने माझा हात धरला, तव्याचा चटका बसल्यासारखा पटकन सोडला, आणि म्हणाला, "मागायला लागू नये असं काहीतरी करायला हवं होतं मी." मी भात वाढत राहिले.

रोल आणणं मी बंद केलं. कुणी सांगितलं नाही, पण खालच्या दगडी टेबलाकडे माझे पाय वळेनात. शेजाऱ्यांची सगळी नाणी मी बँकेत भरली आणि तेवढीच रक्कम ब्लॉकखाली गरजूंसाठी ठेवलेल्या मदतपेटीत टाकली. पाप धुतलं जाईल अशी काही कल्पना नव्हती. माझ्याकडे ठेववेनात म्हणून टाकली. ते चांदीचं नाणं माझ्या कपाटात आहे. त्याची किंमत काय, हे मी आजवर कुठे विचारलेलं नाही.

पाऊस सरला, ऊन कडक झालं, आणि एका लहानशा फर्ममध्ये मला हिशेबाचं काम मिळालं. त्यांनी माझा स्वतःचा वर्क पास काढून दिला. ते पत्र आलं तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये कपडे वाळत घालत होते आणि पलीकडे लिम आंटी कुंडीला पाणी घालत होत्या. साहजिकच पहिल्यांदा त्यांनाच सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. साताऱ्याला आईला फोन केला तेव्हा तीसुद्धा इतकी हरखली नव्हती. आंटींनी माझं मनगट धरलं आणि मला दारोदार नेलं. खरोखर एकेक गेट वाजवलं. त्यांच्या भाषेत काहीतरी सांगायच्या, आणि आतली माणसं बाहेर येऊन माझा हात हातात घ्यायची. कुणी अंगठा दाखवायचं. कुणी नुसतंच हसायचं, सुटल्यासारखं. मी सगळ्यांना थँक्यू म्हणत होते. जी गरिबी आमच्यावर कधी आलीच नाही तिच्यातून सुटल्याबद्दल अख्खा मजला माझं अभिनंदन करत होता, आणि मला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

तेवढ्यात लिफ्ट आली आणि शिरीष बाहेर पडला. ऑफिसचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग, गळ्यात बँकेच्या ओळखपत्राची दोरी. लिफ्टपाशी अंकल टॅन पिंजरा घेऊन उभे होते. त्यांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि फार काळजीने, आवाज उतरवून विचारलं, "वाइफ फाइंड जॉब ऑलरेडी. यू लेह? यू फाइंड ऑर नॉट?"

 लिम आंटींनी माझं मनगट आवळलं. मी शिरीषकडे पाहिलं. हाच माणूस तांदळाची पिशवी ओट्यावर आपटून बाल्कनीत गेला होता. त्याने आधी अंकलकडे पाहिलं, मग आंटींकडे, मग माझ्याकडे. त्याचा हात गळ्याशी गेला आणि ओळखपत्र त्याने हळूच शर्टाच्या खिशात सरकवलं.

"ट्रायिंग, अंकल," तो मान खाली घालून म्हणाला. "ट्रायिंग."

अंकलनी त्याच्या पाठीवर थाप मारली.